पाठीखालची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. सागवानाची, माणसाच्या उंचीहून वीतभर लांब आणि एक माणूस हातपाय आवरून मावेल एवढी रुंद. तुम्ही म्हणाल, फळीचं कसलं आलंय आत्मवृत्त? पण इंदूरच्या छत्रीबागेत, आमच्या गल्लीत, हे मोठ्याने म्हणू नका. तिथल्या मराठी घरांत मला 'नानांची फळी' म्हणतात आणि माझं नाव घेताना आवाज जरा खाली आणतात. एकेकाळी तर मला हळदीकुंकू वाहिल्याशिवाय कोणी माझ्यावर पाठ टेकत नसे.

माझा जन्म लाकडाच्या वखारीतला. करवतीचा आवाज, भुशाचा वास आणि अंगावरून पुन्हा पुन्हा फिरणारा सुताराचा रंधा, एवढंच मला आठवतं. आपण पुढे काय होणार हे मला ठाऊक नव्हतं. दार होईन, देव्हारा होईन, निदान एखाद्या दुकानाचं कपाट तरी होईन, अशी स्वप्नं मी भुशात पडल्या पडल्या बघत असे. एक दिवस सुताराने मला हातगाडीवर घातलं आणि छत्रीबागेत नेऊन एका पलंगावर आडवं केलं. माझ्यावर एक चादर आली आणि चादरीवर नाना आले.

नाना कचेरीत हेडक्लार्क होते. एका थंडीत तुळशीची कुंडी उचलायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, गादी काढा, फळी टाका आणि अजिबात हलू नका. त्या काळी सगळे डॉक्टर असंच सांगत. नाना शिस्तीचे माणूस. त्यांनी हललोच नाही तर काय बिघडेल असा विचार केला आणि आंबे बाजारात येईपर्यंत ते माझ्यावर पडून राहिले. मग एका सकाळी ते उठून बसले आणि घरच्यांना म्हणाले, "हललो नाही, म्हणून उठलो."

आता मला कळतं की नाना तसेही उठले असते, कदाचित लवकर उठले असते. कंबरेचं दुखणं पुष्कळदा आलं तसं आपणहून ओसरतं. पण त्या सकाळी श्रेय द्यायला खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ते मला मिळालं, आणि मीही ते मानाने घेतलं.

तेव्हापासून गल्लीत कोणाचीही कंबर धरली की मला बोलावणं येऊ लागलं. मी दारातून आत जाताना बायका वाट मोकळी करून देत. मला आणणाऱ्यांना पोहे मिळत, वर शेव आणि जिरावण मसाला भुरभुरून. ज्याच्या घरी दुखणं, त्याच्या घरी मी. तिथलं दुखणं संपलं की पुढच्या घरी. माझं स्वतःचं असं घर मला कधी लाभलं नाही, पण खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

कारण मला स्वप्नं मिळत. माणूस दिवसच्या दिवस पाठीवर पडून राहिला की त्याची झोप आणि जाग एकमेकांत मिसळून जातात. वर पंखा फिरतो, बाहेर भाजीवाला ओरडतो, कुठे तरी कुकरची शिट्टी होते, आणि तो माणूस धड झोपलेला नसतो, धड जागा नसतो. अशा वेळी त्याची स्वप्नं त्याच्या पाठीतून खाली झिरपतात. एका म्हाताऱ्या सराफाच्या स्वप्नात विहीर होती आणि तो तिच्यात सूर मारायचा. एक काकू स्वप्नात जिने चढत राहायच्या आणि वर पोचल्या की खूप हसायच्या. मी ती सगळी स्वप्नं माझ्या रेषांमध्ये साठवून ठेवली. एक गोष्ट मात्र मला फार उशिरा लक्षात आली. माझ्यावर निजलेली सगळी माणसं स्वप्नात चालत असत, पोहत असत, धावत असत. पडून राहण्याचं स्वप्न एकालाही पडलं नाही.

मग जाड जाड स्पंजच्या गाद्या आल्या आणि लोक मला विसरले. कोणाच्या तरी माळ्यावर, मोडक्या झारीशेजारी मी पडून होते. तिथे धूळ होती आणि एक पाल होती. कोणी वर चढून बघतही नसे. त्यानंतर ते महामारीचं वर्ष आलं. माणसं घरात कोंडली गेली, पलंगावर बसून, उशीवर कॉम्प्युटर ठेवून कामं करू लागली, आणि गल्लीतल्या कंबरा एकेक करून बोलू लागल्या. कोणाला तरी माझी आठवण झाली. मला खाली उतरवलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि माझा मान मला परत मिळाला.

आता मी तुम्हाला शैलजाची गोष्ट सांगते, कारण माझी गोष्टही खरी तिथेच सुरू होते.

शैलजा ही श्रीहरीची बायको आणि श्रीहरी म्हणजे नानांचा मुलगा. तो विमा कंपनीत नोकरीला. ती बेटम्याच्या सरकारी शाळेत सहावीला गणित शिकवते. रोज सकाळी धार रोडची बस पकडायची आणि संध्याकाळी खडूने पांढरी झालेली बोटं घेऊन परत यायचं, असं तिचं वर्षानुवर्षं चाललेलं. अपूर्णांक शिकवायचे असले की ती पर्समध्ये पेरू आणि सुरी घेऊन जायची. मुलं पेरू खाता खाता अपूर्णांक शिकत. हे सगळं मला कोणी सांगितलं नाही, मी ते तिच्या स्वप्नांत पाहिलं.

महामारी ओसरल्यावर एका वर्षी, थंडी सरताना तिने गोदड्या धुवायला काढल्या. भिजलेली गोदडी बादलीतून उपसताना तिच्या कंबरेत कळ आली आणि ती तिथेच मोरीत बसली. श्रीहरी धावत आला. त्याच संध्याकाळी गादी निघाली आणि मी पलंगावर चढले.

श्रीहरीसारखा नवरा मी पाहिला नाही. त्याने बायकोला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. ऑफिसला रजा टाकली, वरण-भात करायला शिकला, तिची वेणी घातली. वेणी वाकडी यायची, पण घालायचा. पाणी हवं, रिमोट हवा, चष्मा हवा, कशासाठीही तिने उठू नये म्हणून त्याने देव्हाऱ्यातली घंटा तिच्या उशाशी आणून ठेवली. काही लागलं की वाजवायची. लहानपणी त्याने नानांना माझ्यावर पडलेलं पाहिलं होतं, आणि नानांचा तो एक शब्द त्याच्या मनात पक्का बसला होता.

"तू बस पडून राहा," तो म्हणायचा. "हलायचं बिलकुल नाही. मी आहे ना."

सुरुवातीला शैलजाला बरं वाटलं. पण दिवस गेले तशी ती माझ्यावर जड होत गेली. वजन वाढलं नव्हतं. अंगातली उभारी गेलेला माणूस जड लागतो. कूस बदलायच्या आधी ती श्वास रोखून धरायची, जणू आत काही काचेचं आहे आणि ते फुटेल. रंगपंचमीला राजवाड्याकडून गेरच्या मिरवणुकीचे ढोल ऐकू आले. गल्लीतली सगळी माणसं तिकडे गेली होती. शैलजा डोळे मिटून ऐकत होती. खिडकीतून थोडा गुलाल उडून आत आला आणि तिच्या चादरीवर बसला. तिने तो झटकलाही नाही. त्या दुपारी तिच्या स्वप्नात बेटम्याची बस आली. खिडक्यांमधून तिची मुलं बाहेर बघत होती, दोन्ही बाजूंना गव्हाची पिवळी शेतं होती आणि बस तिच्यासमोर थांबली नाही. मी आजवर पुष्कळ स्वप्नं साठवली, पण हे मला साठवावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका शिखा मॅडम यांचा फोन आला. त्या हिंदीतून बोलत होत्या. "शैलजाजी, अप्रैल से नया सत्र है. आप आ रही हैं ना? नहीं तो छठी का गणित किसी और को देना पड़ेगा."

शैलजाने 'बघते' म्हणून फोन ठेवला. श्रीहरी तिच्या पायाशी बसला आणि हळूच म्हणाला, "वीआरएस घेऊन टाक ना. इतकी वर्षं बसचे धक्के खाल्ले, अब बस झालं. एप्रिलपर्यंत नाही जमलं तर अर्ज देऊ. ठीक?"

ती छताकडे बघतच 'ठीक' म्हणाली. तिची पाठ माझ्यावर टेकलेली होती, त्यामुळे ती रडते आहे हे श्रीहरीच्या आधी मला कळलं.

त्या घराच्या वरच्या मजल्यावर क्षितिजा नावाची मुलगी भाड्याने राहायची. मूळची सांगलीची, इथल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून नव्याने लागलेली. म्हणजे औषधापेक्षा व्यायामाने दुखणं बरं करणारी. तिला दिवसभर खालून घंटा ऐकू यायची. तिला वाटलं, घरात काही अनुष्ठान चाललं आहे. म्हणून रविवारी ती आंघोळ करून, प्रसाद घ्यायचा म्हणून खाली आली.

"काका, पूजा कसली आहे?" तिने दारातच विचारलं.

"पूजा नाही ओ. शैलजाची कमर धरली आहे. पाणी पाहिजे तर घंटी वाजवते. उठायचं नाही सांगितलं आहे तिला."

"कोणी सांगितलं?"

श्रीहरीने माझ्याकडे पाहिलं. "नानांनी," तो म्हणाला. नानांना जाऊन तेव्हा कित्येक वर्षं झाली होती.

क्षितिजा हसली नाही. ती खुर्ची ओढून शैलजाजवळ बसली आणि तिने पुष्कळ प्रश्न विचारले. पाय सुन्न पडतात का, लघवीला काही त्रास आहे का, ताप येतो का, वजन उतरलं आहे का, कधी पडल्याचं आठवतं का. मग तिने गुडघ्यांवर हलकेच टकटक केलं, पाय उचलून पाहिले, अंगठ्यांत जोर किती आहे ते पाहिलं. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "काकू, यातलं घाबरण्यासारखं काही नाही. तुमची पाठ मोडलेली नाही. ती धास्तावली आहे, आणि पडून पडून आळसावली आहे."

"म्हणजे मी हलू शकते?" शैलजाने वर्गातल्या मुलीसारखं विचारलं.

"हलायलाच हवं."

"खामखा रिस्क कशाला?" श्रीहरी मध्ये पडला. "दुखत्या कमरेला एक्सरसाइज? आराम पडला की मग करेल ना."

क्षितिजाने वाद घातला नाही. "काका, फळीवरून खाली उतरवतच नाही मी त्यांना. इथेच, झोपूनच करू. तुम्ही इथे बसा आणि बघा."

तिने शैलजाला गुडघे उभे करायला लावले. मग म्हणाली, कंबरेखाली जी पोकळी राहते ना, ती हळूच फळीवर दाबायची, आणि सोडून द्यायची. श्वास रोखायचा नाही.

मित्रांनो, मला ते कसं सांगू? इतकी वर्षं माणसं माझ्यावर पडली होती. माझ्यावर हललं कोणीच नव्हतं. शैलजाची कंबर अगदी थोडी, एखादं पान टेकावं तशी, मला येऊन टेकली आणि पुन्हा वर गेली. पुन्हा टेकली. पुन्हा गेली. मला गाढ झोपेतून कोणी तरी हाक मारत असल्यासारखं वाटलं. मी सागवान, मी अंगाने टणक, पण त्या सकाळी माझ्या आतल्या साऱ्या रेषा जाग्या झाल्या.

"दुखतंय थोडं," शैलजा म्हणाली.

"थोडं दुखू दे. दुखलं म्हणजे मोडलं असं नाही, काकू. सहन होईल तेवढंच करायचं, आणि रोज करायचं."

काही दिवसांनी ती गुडघे उभे ठेवून कंबर वर उचलायला लागली. त्या वेळी तिच्या पाठीखालून उजेड यायचा. खिडकीतलं ऊन चादरीवर सरकत सरकत माझ्यापर्यंत पोचायचं. माझ्यावर माणूस असताना माझ्या अंगाला ऊन लागावं, हे मला स्वप्नासारखं वाटायचं, आणि मी त्या दोन क्षणांची दिवसभर वाट बघायचे.

मग ती बसली. उभी राहिली. खुर्चीतून हात न टेकता उठायला शिकली. जमिनीवर सतरंजी टाकून, गुडघ्यांवर आणि हातांवर येऊन, एक हात पुढे आणि उलट बाजूचा पाय मागे ताणायला शिकली. तोल जायचा आणि ती स्वतःच हसायची. वाकताना पाठ आखडून न घेता कंबरेतून आणि गुडघ्यांतून खाली कसं जायचं, वस्तू अंगाजवळ कशी धरायची, हे क्षितिजाने तिला रिकाम्या बादलीवर शिकवलं, आणि पुढे बादलीत थोडं थोडं पाणी वाढवत नेलं. संध्याकाळी ती गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायची. पलंगावर मी दिवसा रिकामी राहू लागले आणि घंटा आपल्या जागी देव्हाऱ्यात गेली.

श्रीहरीला मात्र काय करावं हे समजेना. ती पाण्यासाठी उठली की तो तिच्या आधी माठाकडे धावायचा. शेवटी क्षितिजाने त्यालाही व्यायाम दिला. "काका, तुम्ही हात मागे बांधून बसायचं. काकू पाणी घेतील, आणि तुम्हालाही देतील." बिचारा हात बांधून बसायचा आणि त्याचे पाय खुर्चीखाली चुळबुळ करत राहायचे. मला वाटतं, त्या घरात सगळ्यात अवघड व्यायाम त्याचाच होता.

आणि मग ती फसली. एका सकाळी तिला इतकं हलकं वाटलं की तिने अख्खं स्वयंपाकघर काढलं. डबे उतरवले, फडताळं पुसली, गव्हाची कोठी सरकवली. दुपारपर्यंत ठीक होतं. संध्याकाळी चहाचा कप ठेवायला वाकली आणि तीच जुनी कळ आली.

श्रीहरीने तिला धरून माझ्यावर आणलं. "बस. बहुत झालं," तो म्हणाला. "उद्या अर्ज लिहितो." आणि तो देव्हाऱ्याकडे गेला आणि घंटा घेऊन आला.

शैलजाने श्वास रोखून धरला. ती पुन्हा पहिल्यासारखी जड झाली. तिचा हात चादरीखाली आला आणि माझ्या कडेला घट्ट धरून राहिला. माझ्यावर निजणारी माणसं माझ्यावर विसंबतात, याचा मला नेहमी अभिमान वाटायचा. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, हिने मला सोडावं. पण फळीला बोलता येत नाही.

क्षितिजा दवाखान्यातून आली तेव्हा तिने पुन्हा तेच प्रश्न विचारले, पुन्हा पाय तपासले. "काकू, हे असं मध्ये मध्ये होतं," ती म्हणाली. "एकाच दिवशी सहावीचा सगळा अभ्यासक्रम शिकवलात तर मुलांचं काय होईल? तसं केलंत तुम्ही पाठीचं. थोडं मागे येऊ, पहिल्या धड्यापासून. पण वर्ग बंद करायचा नाही."

श्रीहरी काही म्हणणार होता. शैलजाच त्याच्याकडे वळून म्हणाली, "अहो, घंटा तिकडे ठेवा. देवाला लागेल."

ती गुडघे उभे करून, डोळे मिटून, पुन्हा ती पहिली हालचाल करू लागली. टेकली, उठली. टेकली, उठली. फार सावकाश. श्रीहरी दारात उभा होता आणि घंटा त्याच्या हातात होती. ती अजिबात वाजू नये म्हणून त्याने तिचा लोलक मुठीत धरला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सत्र सुरू व्हायच्या आदल्या दुपारी, समोरच्या घरातल्या बेबीताई आल्या. त्यांचे यजमान म्हणजे बंडूभिया. साऱ्या गल्लीचे भिया, म्हणजे भैया. स्कूटर स्टँडवर चढवताना त्यांची कंबर धरली होती.

"श्रीहरीजी, ते रट लावून बसले आहेत, नानांची फळी आणा म्हणून," बेबीताई म्हणाल्या. "शैलजाला अजून लागत असेल तर राहू द्या. मी सांगते त्यांना."

इथे मला आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. नानांनीच घालून दिलेली. मला पुढच्या घरी न्यायचं तर एक टोक दुसऱ्या कोणीही धरावं, पण दुसरं टोक जो माझ्यावरून उठला त्यानेच धरायचं. पाठ खरोखर बरी झाली आहे हे चारचौघांत दिसावं म्हणून. पुढे पुढे लोक नुसतं बोट लावत आणि बाकीचे चौघे मला उचलत. उचलायची भीती कोणाची गेलेलीच नसे.

"लागते ओ अजून," श्रीहरी चटकन म्हणाला. "परवा परवा तर तिला–"

"नाही लागत," शैलजा म्हणाली. "मी आणते, बेबीताई."

क्षितिजा दवाखान्यात होती. शैलजाने चादर काढून घडी केली. मग ती माझ्या पायथ्याशी आली. सांगायला काय हरकत आहे, मी घाबरले होते. मी सागवानी, हलकी नाही. उद्याची बस, तो पेरू, ती मुलं, सगळं त्या एका उचलण्यावर येऊन बसलं होतं. इथे कळ आली असती तर तिने स्वतःच अर्जावर सही केली असती.

"शैलजा, छोड ना," श्रीहरी म्हणाला. "मी चार माणसं बोलावतो. मला नाही बघवत."

"तर बघू नका. तुमचं टोक धरा."

ती पाय थोडे फाकवून उभी राहिली. कंबरेतून आणि गुडघ्यांतून खाली गेली. मला अंगाशी ओढून घेतलं. श्वास रोखला नाही, सोडला, आणि सोडता सोडता ती उठली. मी तिच्या हातांत होते. इतकी वर्षं मी माणसांना धरून ठेवलं होतं, आणि त्या दुपारी एका माणसाने मला धरलं. मला वाटलं, मी भुशात पडले आहे आणि हे मला दिसतं आहे ते स्वप्न आहे. पण श्रीहरीने दुसरं टोक उचललं, ते जरा वर-खाली झालं, आणि शैलजा त्याला म्हणाली, "सांभाळून. तुमची कमर जपा." तेव्हा कळलं की मी जागी आहे.

भर उन्हात त्या दोघांनी मला गल्ली ओलांडून नेलं. दारादारांतून माणसं बघत होती. शैलजाच्या कपाळावर घाम होता. मध्येच तिने मला खाली ठेवलं, पाठ सरळ केली, पुन्हा तशीच वाकली आणि पुन्हा उचललं. तिला थोडं दुखत होतं. ते तिच्या हातांतून मला कळत होतं. पण तिच्या हातांत ती काच फुटण्याची भीती नव्हती.

बेबीताईंच्या ओट्यावर आल्यावर तिने मला आत नेलं नाही. भिंतीला टेकवून उभं केलं आणि ती एकटीच आत गेली. मला खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. तिने बंडूभियांना आधी क्षितिजाचे ते सगळे प्रश्न विचारले, पायांचे, लघवीचे, तापाचे. प्रत्येकाला ते 'ना' म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "फळी कुठे आहे?"

"बाहेर ओट्यावर आहे."

"तो अंदर आण ना."

"तुम्ही बाहेर या, भिया. मी धरते. संध्याकाळी क्षितिजा येऊन नीट तपासेल तुम्हाला, पण तोवर पडून राहू नका."

बंडूभियांनी इंदूरच्या हवेपासून सरकारपर्यंत सगळ्यांना नावं ठेवली. आजकाल माणुसकी उरली नाही म्हणाले. पण थोड्या वेळाने दाराची कडी वाजली. बेबीताईंच्या खांद्यावर हात टाकून, एकेक पाऊल मोजून टाकत ते ओट्यावर आले, मला बघितलं, आणि माझ्यावर आडवं न होता माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. "उभी का केली हिला?" असं काहीतरी पुटपुटले. मग समोरून चहावाला जात होता, त्याला त्यांनी हाक मारली.

मी तिथेच आहे, मित्रांनो. त्या ओट्यावर, उभी. बंडूभिया रोज माझ्यावर हात टेकून टाचा उचलायचा व्यायाम करतात आणि क्षितिजाला सांगताना दुप्पट आकडा सांगतात.

पण मला तुम्हाला त्या पुढच्या सकाळबद्दल सांगायचं आहे. ऊन अजून कोवळं होतं. समोरचं दार उघडलं. शैलजा इस्त्रीची साडी नेसून बाहेर आली. मागून श्रीहरी आला. तिची शाळेची पिशवी त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. वह्या, डबा, पाण्याची बाटली, सगळी भरलेली. तो बसपर्यंत यायला निघाला होता हे उघड होतं. चपलाही घातल्या होत्या.

शैलजा पायरी उतरली आणि तिने मागे वळून हात पुढे केला.

श्रीहरी तसाच उभा राहिला. मी त्याला लहानपणापासून ओळखते. एवढा वेळ तो कशालाच लावत नाही. मग त्याने पट्टा खांद्यावरून काढला, पिशवी तिच्या हातात दिली आणि आपले दोन्ही हात मागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. ती गल्लीच्या वळणापर्यंत चालत गेली. मधेच तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तो पुढे झाला नाही. ती दिसेनाशी झाल्यावरही तो तसाच उभा होता, डोळे भरलेले आणि हात मागे.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मला तसं काही मागायचं नाही. मला खुशाल उन्हात ठेवा, धूळ बसू द्या. पण तुमच्या घरी कोणाची पाठ धरली, तर आधी जाणत्याला दाखवा, आणि मग त्या माणसाला उठू द्या. तो पाण्याच्या पेल्यापर्यंत जाताना तुमचा जीव वरखाली होईल. होऊ द्या. तुम्ही तिथेच, हाकेच्या अंतरावर, हात मागे बांधून उभे राहा.